पंधरा नंबरचा खण

"ही कसली वाटणी काढलाईसा, मास्तर? कुनाच्या नावावर कुठला तुकडा?"

दौलूआप्पा साळोखे सायकलला दुधाच्या किटल्या लटकवून मैदानाच्या कडेला उभे होते. सकाळचे सहा वाजले होते. मी एका हातात चुन्याच्या फक्कीचं घमेलं आणि दुसऱ्या हातात सुतळी घेऊन मैदानावर पांढऱ्या रेघा मारत होतो. कंबरेचा काटा ढिला झाला होता, पण उत्साह पोटात मावत नव्हता.

"अठरा खण पाडलेत, आप्पा. प्रत्येक पोराला खण ठरवून देणार. बॉल आपल्याकडं असला की कोण कुठल्या खणात, त्यांच्याकडं असला की कोण कुठल्या, सगळं आधीच पक्कं. खण सोडायचा नाही."

"आनि बॉलनंच खण सोडला तर?"

मी हसलो नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला सर्टिफिकेट मिळालं की काही दिवस त्याचं हसू बंद होतं. मी पतियाळाहून फुटबॉल कोचिंगचा कोर्स करून आलो होतो. दोन वह्या भरून आकृत्या होत्या माझ्याकडं, आणि त्या वह्यांपुढं आख्खं कोल्हापूर मला अडाणी वाटत होतं.

या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली. कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा असतो. पेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि संघ हरला की आठवडाभर पेठेत कुणी मान वर करून चालत नाही. मी जन्मानं दगडी कमान पेठेतला. आधी माझ्याच तालमीकडं गेलो होतो, पण त्यांनी 'वह्या घेऊन काय शाळा काढायची हाय काय' म्हणून मला वाटेला लावलं. तेव्हा हिरवी विहीर तालमीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. हिरवी विहीर म्हणजे आमची पिढीजात दुश्मन पेठ. अकरा वर्षं त्यांना कप मिळाला नव्हता, आणि त्यातली चार वर्षं फायनलमध्ये आम्हीच त्यांना पाडलं होतं. मी हो म्हणालो. माझ्या घरी चुलत्यांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. चुलतभाऊ उदय दगडी कमानच्या संघात लेफ्ट बॅक होता. तो फक्त म्हणाला, "दादा, मैदानात नातं बघणार न्हाई हां." आणि माझ्याच ताटातली भाकरी मोडून घेतली.

हिरवी विहीरला बावीस वर्षं दौलूआप्पांनी खेळवलं होतं. ते मूळचे पैलवान. फुटबॉलला त्यांचा पाय कधी लागला असेल तर तो चुकून. त्यांची पद्धत एकच होती. पोरगं आलं की त्याला महिनाभर नुसतं बघायचं, आणि मग म्हणायचं, 'तू इथं खेळ.' का, ते सांगायचं नाही. मी आल्यावर त्यांना कुणी जा म्हणालं नाही, आणि तेही गेले नाहीत. दूध घालून झालं की रोज कडेच्या दगडावर येऊन बसायचे. मला ते दात कोरताना दिसायचे, आणि उगाचच वाटायचं, आपल्याला हसतायत.

संघ चांगला होता, पण खेळ म्हणजे आठवडी बाजार. आणि आवाज! सगळे सतत बोलत असायचे. "आला, आला, डावीकडनं आला." "सोड." "मागं हाय तुझ्या." "एकटा हाईस, वळ." सगळ्यात जास्त बोंब कॅप्टन संग्राम पोवारची. तो हाफला खेळायचा आणि नव्वद मिनिटं त्याच्या तोंडाला खीळ नसायची. मला हा गावठीपणा वाटला. खण पाठ असले तर ओरडायची गरजच काय? दुसऱ्याच आठवड्यात मी नियम केला. मैदानात बोलायचं नाही. जो बोलेल त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"सर, थोडं थोडं बोललं तर?" संग्राम म्हणाला.

"कशाला? डोळे नाहीत तुम्हाला?"

संग्रामनं खाली बघून बुटाची नाडी बांधली. ती आधीच बांधलेली होती.

आता मुबारकबद्दल सांगतो. मुबारक शिकलगार, वय तेवीस, उद्यमनगरात लेथवर कामाला. डाव्या पायाचा खेळाडू, आणि काय पाय होता. बॉल त्या पायाला एकदा लागला की घरचं माणूस भेटल्यासारखा तिथंच थांबायचा. आप्पांनी त्याला डाव्या कडेला ठेवला होता, अगदी रेघेला चिकटून. माझ्या वहीत वेगळंच होतं. डाव्या पायाचा माणूस उजव्या कडेला घालायचा, म्हणजे तो आत वळून डाव्या पायानं गोलवर मारतो. नवी पद्धत. मी मुबारकला उजवीकडचा पंधरा नंबरचा खण दिला.

त्याच दिवशी आप्पा पहिल्यांदा दगडावरून उठून माझ्याकडं आले.

"मास्तर, एक ऐकतासा? मुबारकला डावीकडंच ऱ्हाऊ द्या."

"का?"

ते जरा घुटमळले. कान खाजवला. "तितं त्याला बरं पडतं."

"बरं पडतं म्हणून नसतं ठेवायचं, आप्पा. हा फुटबॉल आहे, म्हशी राखायच्या नाहीत."

मी हे पोरांच्या देखत बोललो. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि परत दगडावर जाऊन बसले. आजही ते वाक्य आठवलं की माझीच जीभ मला तोंडात नकोशी होते.

उजवीकडं गेल्यापासून मुबारकचा खेळ बिघडला. सोपा पास त्याच्या शेजारून निघून जायचा. पोरं अंगावर आदळायची. आणि दर दहा मिनिटांनी तो आपला खण सोडून डाव्या कडेला भटकायचा. मी शिट्टी मारायचो, फेऱ्या द्यायचो. तो निमूट पळायचा. मला त्याच्या इतर सवयींचाही राग यायला लागला होता. हाक मारली की नुसती नजर वळवायचा नाही, आख्खी मान वळवायचा, जणू उपकार करतोय. एकदा मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून जर्सी पुढं केली, तर साहेब समोर बघत राहिले. शेवटी संग्रामनं ती माझ्या हातातून घेऊन त्याच्या हातात दिली. माजलाय, मला वाटलं. आधीच्या कोचचा लाडका आहे, नव्याला जुमानत नाही.

आमची खणांची पद्धत मात्र लागू पडत होती. सामने जिंकत होतो. शांतपणे, एकही शब्द न बोलता. पेपरात एकानं लिहिलं, 'हिरवी विहीरची पोरं शाळेतल्यासारखी खेळतात.' मी ते कात्रण वहीत चिकटवलं. आम्ही फायनलला पोचलो, समोर अर्थातच दगडी कमान.

फायनलच्या दोन दिवस आधी सरावात मुबारक परत डावीकडं गेला. मी सगळ्यांचा सराव थांबवला.

"मुबारक, इकडं ये. फायनल खेळायची आहे?"

"व्हय सर."

"मग पंधरा नंबरच्या खणात खेळायचं. नाहीतर बाकावर बसायचं. तुझ्या पायात जादू असेल, पण माझ्या संघात खण सोडणाऱ्याला जागा नाही. बोल, काय करतोस?"

त्यानं आख्खी मान वळवून आधी संग्रामकडं बघितलं, मग माझ्याकडं. या फायनलसाठी तो कारखान्यात दुसऱ्याच्या पाळ्या करून सुट्ट्या साठवत होता, हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी कप आला तेव्हा त्याचा बाप त्या संघात गोलकीपर होता. पुढच्याच वर्षी बाप वारला. पेठेत सगळे म्हणायचे, आता कप आणायचा तर शिकलगाराच्या पोरानंच.

"सर, मी काय म्हनतो," संग्राम मध्ये पडला.

"तू गप," मुबारक त्याला म्हणाला. मग मला म्हणाला, "खेळतो सर. पंधरात खेळतो."

"सोडणार नाहीस?"

"न्हाई सोडत."

मला फार बरं वाटलं. माणूस वठणीवर आणल्याचं समाधान काही औरच असतं.

फायनलला स्टेडियम खचाखच भरलं होतं. एप्रिलचं ऊन, चारचा सुमार. माझ्या घरचे सगळे समोरच्या बाजूला दगडी कमानच्या झेंड्याखाली बसले होते. चुलते, आई, सगळे. माझ्या मनात एकच होतं, यांना दाखवायचं.

आणि दाखवलं. पूर्वार्धातच, एकतिसाव्या मिनिटाला, मुबारकला पंधरा नंबरच्या खणात बॉल मिळाला. समोर उदय होता. मुबारक आत वळला आणि डाव्या पायानं मारला. बॉल वळत वळत लांबच्या खांबाला लागून आत गेला. वहीतल्या आकृतीबरहुकूम. मी हवेत उडी मारली आणि मागं वळून दगडाकडं, म्हणजे जिथं आप्पा बसले होते त्या पायरीकडं बघितलं. आप्पा टाळ्या वाजवत होते. पण हसत नव्हते.

मध्यंतरात संग्राम माझ्याजवळ आला. घामानं निथळत होता. "सर, आता पुढं आहोत आपण. मुबारकला डावीकडं घालू या आता. न्हाईतर आमाला बोलू द्या. दोनातलं एक कायतरी करा."

"जिनं गोल दिला तीच पद्धत मोडायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सर, ऐका तरी माझं."

"एक शब्द ऐकू आला तर कॅप्टन असलास तरी बाहेर काढीन."

उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि उजवी कड माझ्यासमोर आली. मुबारक माझ्यापासून पंधरा पावलांवर खेळत होता. सत्त्याहत्तरावं मिनिट. आमच्या गोलकीपरनं बॉल लांब मारला, उंच, उजव्या रेघेच्या दिशेनं. मुबारक बॉलखाली आला. मान वर, उजवीकडं वळलेली. डावीकडून, तिरका, जिवाच्या आकांतानं उदय पळत येत होता. त्याचीही नजर बॉलवर.

मला दोघंही दिसत होते. स्टेडियममधल्या प्रत्येकाला दिसत होते. मुबारक आता वळेल, आता अंग काढेल, आता खांदा आडवा घालेल, असं प्रत्येकाला वाटत असणार. तो जागेवर उभा होता. माझ्या पंधरा नंबरच्या खणात, मधोमध. तेवढ्यात मला संग्राम दिसला. दहा पावलांवर. त्याचं तोंड उघडलेलं होतं. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

फक्त एक क्षण. परवानगी मागितल्यासारखं.

मग तो ओरडला, "मुब्या, डावीकडनं!" पण तो एक क्षण निघून गेला होता. मुबारकनं हाकेसरशी मान डावीकडं फिरवली आणि उदयचं डोकं सरळ त्याच्या उजव्या डोळ्यावर बसलं. तो आवाज मी ऐकला. नारळ फुटल्यासारखा नव्हता, लोक म्हणतात तसा. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा होता.

उदय कपाळ धरून बसला. मुबारक आडवा पडला होता. मी पोचलो तेव्हा संग्रामनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. उजवा डोळा सुजून मिटला होता, भुवईतून रक्त गालावर येत होतं. डावा डोळा सताड उघडा होता.

"संग्या," मुबारक म्हणाला, "लाईट गेली काय रं?"

साडेपाच वाजले होते. ऊन तोंडावर येत होतं.

डोक्याला मार लागलाय, बरळतोय, असं मला वाटलं. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. "मुबारक, माझ्याकडं बघ. ही बोटं किती?"

डावा डोळा माझ्याकडं रोखलेला होता. वीतभर अंतरावर. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका होता. चार महिने मी या पोराशी रोज बोलत होतो, आणि तो ठिपका मला त्या दिवशी दिसला.

"सर कुटं हाईत?" त्यानं विचारलं. "सर आलं काय?"

माझी तीन बोटं तशीच हवेत राहिली. मी संग्रामकडं बघितलं. तो रडत होता आणि रडता रडता माझ्याकडं असं बघत होता की मी नजर खाली घातली. शेजारी उदय येऊन उभा राहिला होता. "दादा," तो म्हणाला, "मला वाटलं, त्यानं मला बघितलंय. आईशप्पत, मला वाटलं, बघितलंय."

मलाही तसंच वाटलं होतं.

सामना पुढं खेळला गेला. आम्ही एक शून्यनं जिंकलो. कप कुणी उचलला ते मला माहीत नाही, कारण मी तोवर दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पांच्या शेजारी बाकावर बसलो होतो.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"तीन. लेथवर लोखंडाची कपची उडाली. डावा डोळा गेला. खेळ सोडतो म्हनाला. मी म्हनलं, सोडू नगं. डाव्या रेघंला उभा ऱ्हा. तुज्या डावीकडं लोकं बसल्याली असतात, खेळ सगळा उजवीकडं. तिकडचा डोळा हाय की तुला. आनि उरल्यालं पोरं बोलून सांगतील. रोज बोलायची सवय लावली मी त्यास्नी. वरीसभर गेलं त्यात."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"संघातल्या पोरास्नी, मला, आनि त्याच्या आईला."

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. "मी कोच होतो, आप्पा."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्यांचा बॅक तुमच्या घरात, तुमच्या ताटात जेवतोय, मास्तर. येक शबुद जरी भाईर गेला असता, तर परत्येक मॅचला परत्येकजण त्याच्या डावीकडनंच आला असता. पोरांनी शपत घेतल्याली. तुमी आमच्या पेठेचं न्हवं. तरी मी आलतो तुमच्याकडं. डावीकडं ऱ्हाऊ द्या म्हनलं. का ते सांगायला तोंड उघडनार, तवर तुमी म्हशी काढलासा."

खरं सांगायचं तर, त्यांनी सांगितलं असतं तर मी मुबारकला समजून घेतलं असतं, असं काही नाही. एका डोळ्याचा खेळाडू माझ्या कुठल्याच आकृतीत बसत नव्हता. मी त्याला त्याच दिवशी संघातून काढला असता, आणि वर स्वतःला कडक शिस्तीचा म्हणवून घेतलं असतं. हे पोरांना माझ्याआधी कळलं होतं.

मुबारकचा उजवा डोळा पुढं वाचला, हे सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला ठेवायला नको. नवव्या दिवशी पट्ट्या काढल्या तेव्हा त्याला खिडकीचे गज दिसले. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. मैदानात मात्र तो परत उतरला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटायला गेलो तेव्हा यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरही 'बघू' एवढंच म्हणत होते.

सकाळचे दहा वाजले असतील. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. संग्राम उशाशी स्टुलावर बसला होता. मला बघून तो उठला, काही न बोलता बाहेर गेला. मी त्याच स्टुलावर बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो, माफीचं वाक्यही जुळवलं होतं. तोंडातून काही फुटेना.

मुबारकनं हात चाचपत पुढं केला. माझ्या गुडघ्याला लागला.

"संग्या," तो हळूच म्हणाला, "एक इचारू? खरं सांग. सर चिडल्यात काय माझ्यावर?"

मी त्याचा हात तसाच गुडघ्यावर राहू दिला.

"बॉल वर हुता तवा मला रेघ दिसत न्हवती. पाय कुटं पडला कळलं न्हाई. मी पंधरातच हुतो न्हवं? खण सोडला न्हाई न्हवं मी?"

कालपासून मला जो धक्का बसला होता तो काहीच नव्हता, असं मला त्या क्षणी कळलं. जन्मभराचा अंधार समोर असताना हा पोरगा मी फक्कीनं मारलेली रेघ शोधत होता.

"नाही सोडलास," मी म्हणालो. "पंधरातच होतास."

तो दचकला. आख्खी मान माझ्या आवाजाकडं वळवली. उठून बसायला लागला, मी त्याला खांद्याला धरून परत झोपवलं.

"सर, तुमी हाय? कवापास्नं बसलाईसा?"

"आत्ताच आलो."

मी बसून राहिलो. बाहेर कुणाची तरी ढकलगाडी व्हरांड्यातून गेली. मुबारक कान देऊन ऐकत होता. मग त्यानं परत हात पुढं केला, हवेत इकडंतिकडं फिरवला आणि म्हणाला,

"सर, कायतरी बोला की. गप बसलासा की मला कळत न्हाई, कोन कुटं हाय."